लॉकिंग ट्यूनर आणि लॉकिंग नट: तार नेमकी कुठे धरायची?

नवरात्र जवळ आली की बडोद्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारी मुलं गिटारच्या डागडुजीला लागतात. मैदानावर एका गरब्यातून दुसऱ्यात लय न मोडता जायचं असतं, सूर लावायला उसंत मिळत नाही. बार (गिटारचा सूर खाली-वर हलवायचा दांडा) दाबला की गिटार बेसूर होते, म्हणून कुणीतरी सांगतं, "लॉकिंग टाकून घे." पण लॉकिंग ट्यूनर आणि लॉकिंग नट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीच्या जागी दुसरी घेतली तर पैसे जातात, आणि लाकूडही वाया जाऊ शकतं.

साध्या ट्यूनरवर, म्हणजे तार ताणणाऱ्या खुंटीवर, तारेचे दोन-तीन वेढे असतात. बार दाबल्यावर ते सैलावतात आणि परत ताण आला की पूर्वीच्याच जागी बसतील याची खात्री नसते. लॉकिंग ट्यूनरमध्ये तार खुंटीच्या भोकातच आवळून धरलेली असते. एक वेढाही पुरा न होता सूर लागतो, त्यामुळे सरकायला फारसं काही उरत नाही. मात्र खुंटीपासून नटपर्यंत (मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) आणि नटच्या खाचेतून तार मोकळीच असते. खाच अरुंद असेल तर तार तिथे अडकणारच. ट्यूनर कितीही महाग असला तरी त्याचा हात तिथवर पोचत नाही.

लॉकिंग नट तार त्या खाचेच्या जागीच धरतो. तीन छोट्या पट्ट्या असतात, एकेका पट्टीखाली दोन तारा, आणि 3 मिमीच्या ॲलन कीने त्या आवळायच्या. मग नटच्या पलीकडे खुंटी फिरवली तरी वाजणाऱ्या तारेवर परिणाम होत नाही. फ्लॉइड रोझ यांनी 1970च्या दशकात हे घडवलं, 1979 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. सुरुवातीच्या त्यांच्या ब्रिजवर (बॉडीवर तारांचं दुसरं टोक धरणारा भाग) फाइन ट्यूनर, म्हणजे सूर किंचित चढवायचे-उतरवायचे छोटे स्क्रू, नव्हते. सूर किंचित हलला तरी नट सोडवून पुन्हा लावावा लागे. म्हणून पुढे ब्रिजवर फाइन ट्यूनर आले. तंबोऱ्यात खुंटीने सूर लावून झाल्यावर जे काम मणी करतात, तेच यांचं काम.

म्हणूनच फाइन ट्यूनर नसलेल्या सहा स्क्रूंच्या ब्रिजवर नुसता लॉकिंग नट बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. पट्टी आवळताना तार थोडी ओढली जाते, सूर चढतो, आणि तो उतरवायला पट्टी पुन्हा सैल करण्यावाचून मार्ग नाही. लॉकिंग नट घ्यायचा तर त्याच्यासोबत पूर्ण ब्रिज आला. जुन्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) गिटारच्या ब्रिजला बाहेरच्या दोन स्क्रूंमध्ये सुमारे 56 मिमी अंतर असतं, फ्लॉइड रोझचा ब्रिज ज्यांवर टेकतो त्या बॉडीतल्या दोन खुंटांमध्ये 74 मिमी. म्हणजे बॉडीत नवी भोकं, बऱ्याचदा आतली पोकळी मोठी करणं, आणि मानेवर नटची बैठक कापणं. लॉकिंग नटची रुंदीही मानेशी जुळली पाहिजे; त्याच्या मापांची नावं अशी: आर-टू सुमारे 41.3 मिमी, आर-थ्री सुमारे 42.9 मिमी. एकदा कापलेलं लाकूड परत येत नाही. हे काम गिटार बनवणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या. लॉकिंग ट्यूनर मात्र लाकडातलं खुंटी बसवायचं भोक जुळलं (आधुनिक गिटारवर साधारण 10 मिमी) तर पाना आणि स्क्रूड्रायव्हरने घरी बसतात.

खर्च करण्याआधी दोष कुठे आहे ते तपासा. बार खाली दाबा, सोडा, आणि एकेका तारेचा सूर सूर दाखवणाऱ्या यंत्रावर बघा. बहुतेक वेळा तिसरी, म्हणजे जीची तार आधी कुरकुर करते. सूर चढलेला दिसला तर बोटाने तीच तार बाजूला ताणून सोडा. बारीक "टिक" वाजून सूर जागेवर आला, तर दोष नटचा. बार दाबल्यावर सैल झालेली तार खुंटीच्या बाजूला सरकली होती आणि परत येताना खाचेत अडकली होती. इथे लॉकिंग ट्यूनर उपयोगाचा नाही. खाच तारेच्या जाडीइतकी नीट घासून घ्यावी, तिच्यात पेन्सिलीच्या शिशाची पूड घालावी, किंवा ग्राफाइटचा नट बसवावा. पहिल्या दोन तारांना दाबणारी हेडस्टॉकवरची (मानेचं खुंट्या असलेलं टोक) छोटी पट्टीही अशीच अडवते, तिलाही पूड लावा. नव्या तारा नीट ताणून घेतल्यावरही सूर दर वेळी थोडा थोडा उतरतच असेल, तर वेढ्यांकडे बघा. तिथे लॉकिंग ट्यूनर खरोखर कामाला येतो.

गरब्यासाठी मी लॉकिंग ट्यूनर, नीट कापलेला नट आणि बॉडीला टेकवून ठेवलेला ब्रिज याच बाजूने आहे. बार फक्त खालीच जातो, पण तार तुटली तरी बाकीच्या पाच फारशा हलत नाहीत. तरंगत्या, म्हणजे बॉडीला न टेकता आतल्या स्प्रिंगांवर तोललेल्या, ब्रिजवर मात्र एक तुटली की स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात आणि सगळ्या तारा चढतात. शिवाय फ्लॉइडवर नवी तार घालायची तर सहसा तिचं टोक कापायचं, सॅडलमध्ये (ब्रिजवर ती तार धरणारा तुकडा) आवळायचं, नट उघडायचा. चालू गाण्यात हे जमत नाही. बार वरखाली दोन्हीकडे जोरात मारणाऱ्या मेटलवाल्याला मात्र फ्लॉइडच हवा, तिथे हा खटाटोप सार्थ आहे.

ज्याच्या गिटारवर आधीच फ्लॉइड आहे, त्याने लॉकिंग ट्यूनरवर पैसे घालू नयेत. नट आवळलेला असताना खुंटीकडचं सरकणं वाजणाऱ्या तारेपर्यंत पोचतच नाही. तरीही सूर हलत असेल तर ब्रिजच्या दोन धारा तपासा. खुंटांवर टेकणारी ती कड बोथट झाली किंवा खुंट लाकडात डुगडुगत असला, की ब्रिज दर वेळी वेगळ्या जागी बसतो.