सोळा जीबी रॅम बसवली, वापरायला आठच: उरलेली कुठे अडकते?

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम' आणि मग 'अबाउट' उघडल्यावर कधी कधी अशी ओळ दिसते: इन्स्टॉल्ड रॅम १६.० जीबी (७.९ जीबी युजेबल). रॅम खराब निघाली असं समजून लगेच नवी घेऊ नका. आधी दोन आकड्यांतला फरक काढा, कारण नेमकी किती मेमरी अडली आहे यावरून बिघाडाची जागा बहुधा कळते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स'मधल्या 'मेमरी'त खाली 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'हार्डवेअर रिझर्व्ड' या नोंदी असतात. त्यांतली दुसरी नोंद म्हणजेच अडकलेली मेमरी. ती शंभर-दोनशे एमबी असेल तर काहीही करायची गरज नाही. तेवढी जागा मदरबोर्डचं फर्मवेअर (बोर्डावरच साठवलेलं सॉफ्टवेअर) स्वतःसाठी ठेवतंच.

नेमकी ५१२ एमबी, १ जीबी किंवा २ जीबीच्या आसपास जात असेल, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर ती प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला दिलेली आहे. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) 'यूएमए फ्रेम बफर साइझ' किंवा 'डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड' अशा नावाने हा पर्याय सापडतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो दिलेलाच नसतो. आकडा कमी केला तर मेमरी परत मिळते, पण काही गेम अडखळू शकतात.

वापरता येणारा आकडा तीन जीबीच्या थोडा पुढे थांबला, तर त्याच 'अबाउट'मध्ये 'सिस्टम टाइप' बघा. तिथे ३२-बिट लिहिलेलं असेल तर उत्तर मिळालं. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता लागतो आणि ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बनतात, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणं घेतात. तेवढ्या पत्त्यांची रॅम मग बसवलेली असूनही गाठता येत नाही. (१९९५च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरना ३६ बिटांचे पत्ते जमत होते, तरी घरगुती ३२-बिट विंडोजची मर्यादा ४ जीबीच राहिली.) उपाय ६४-बिट विंडोजचा, आणि ते जुन्यावर चढवता येत नाही. फायलींचा बॅकअप घेऊन ते नव्याने टाकावं लागतं.

६४-बिट असूनही आकडा तिथेच अडला, तर बायोसमधलं 'मेमरी रीमॅप' चालू करा. उपकरणांनी अडवलेल्या पत्त्यांमागची रॅम त्यामुळे ४ जीबीच्या वरचे पत्ते घेते. इंटेल ९४५सारख्या जुन्या चिपसेटमध्ये (प्रोसेसरला मेमरी आणि उपकरणांशी जोडणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिपांमध्ये) ही सोय नाही. तिथे प्रयत्न करण्यात वेळ घालवू नका.

इथेच एक चुकीचा सल्ला फार पसरलेला आहे: एमएसकॉन्फिग (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारं साधन) उघडा, 'बूट'मधल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा, 'मॅक्सिमम मेमरी'वर खूण करून पूर्ण आकडा भरा. हा पर्याय मेमरी वाढवत नाही, दिलेल्या पत्त्याच्या वरची मेमरी सोडून देतो. ८ जीबीच्या संगणकात ८१९२ भरलं, तर रीमॅपने ८ जीबीच्या पत्त्यापलीकडे गेलेली रॅमच कापली जाते. खूण आधीपासून असेल तर ती काढा आणि संगणक रीस्टार्ट करा.

सगळ्यात फसवा प्रकार सुरुवातीच्या उदाहरणातला: ८-८ जीबीच्या दोन स्टिक आणि गायब झाली बरोबर एक. विंडोजला १६ जीबी दिसतात, मग स्टिक तर ठीकच असणार, असं वाटतं. पण प्रत्येक स्टिकवर तिची क्षमता नोंदलेली एक छोटी चिप असते आणि ती वेगळ्या तारांवरून वाचली जाते. माहिती वाहून नेणाऱ्या पिनांपैकी एखादी टेकत नसली, तरी ही ओळखचिठ्ठी नीट वाचली जाते. डेस्कटॉपच्या डीडीआर४ स्टिकवर २८८ पिना असतात. थोडी धूळ पुरते.

संगणक बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि केसच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. स्टिक काढून सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर वापरलात तर त्याचा कचरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. मग खटका लागेपर्यंत दाबून बसवा. चार स्लॉट असतील तर दोन स्टिकसाठी बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट असतो. मॅन्युअलमध्ये खात्री करा.

तरीही जमलं नाही, तर एकाच स्लॉटमध्ये एकेक स्टिक लावून बघा, मग चालणारी स्टिक प्रत्येक स्लॉटमध्ये. बिघाड स्टिकबरोबर फिरला तर दोष स्टिकचा. एका चॅनेलचे (प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या एका स्वतंत्र वाटेचे) सगळे स्लॉट मुके राहिले, तर संशय प्रोसेसरच्या सॉकेटवर घ्या. रॅमशी देवाणघेवाण करणारा मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा कूलरचे एका बाजूला जास्त आवळलेले स्क्रू एक अख्खं चॅनेल तोडू शकतात. कूलर सैल करून स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे आवळा. पूर्ण मेमरी परत दिसू लागली की मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची किमान एक पूर्ण फेरी चालवा. एकही चूक आली, तर ती स्टिक किंवा तो स्लॉट वापरू नका, कारण अशा मेमरीतून जाणाऱ्या फायली नकळत बिघडतात.