ड्रायव्हरची माघार

१९ जुलै २०२४ ला जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सायबर हल्ला’ जाहीर करून मंडळी मोकळी झाली. हल्ला नव्हताच. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला) २१ मूल्यं हवी होती, मिळाली २०. एकविसावं वाचायला तो हद्दीबाहेरच्या मेमरीत शिरला. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, चालत असल्याने सगळा संगणकच बसला. पुन्हा सुरू केला की पुन्हा तेच.

ब्राउझर कोसळला तर त्याची मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम परत घेते. ड्रायव्हरचा पसारा मात्र ज्याचा त्यानेच आवरायचा असतो. म्हणूनच ‘सुरू होतानाच अडखळलो तर काय?’ हा प्रश्न मला ड्रायव्हर लिहिण्यातला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

लिनक्समध्ये एखाद्या यंत्राला (नेटवर्क कार्ड वगैरे) जुळणारा, म्हणजे ते चालवू शकणारा, ड्रायव्हर सापडला की कर्नल त्याचं ‘प्रोब’ फंक्शन चालवतो. ते मेमरी मागतं, यंत्राचे रजिस्टर (त्याच्याशी बोलायच्या जागा) मॅप करतं, इंटरप्ट (यंत्राने मारायची हाक) नोंदवतं आणि शेवटी यंत्र सर्वांसाठी खुलं करतं. हे शेवटचं फसलं तर आधीचं सगळं परत करायचं, तेही उलट्या क्रमाने. मांडव उतरवताना आधी पंखे-दिवे, मग ताडपत्री, शेवटी खांब, तसंच. इथे मेमरी आधी सोडली आणि इंटरप्ट नोंदलेलाच राहिला, तर यंत्राने हाक मारताच हँडलर (हाकेला ओ देणारं फंक्शन) त्या सोडलेल्या मेमरीत लिहू शकतो. तोवर ती जागा कदाचित फाइल सिस्टीमला मिळालेली असते. बोंब तिथे उठते, चोर इथे असतो.

सी भाषेत ही माघार बहुधा ‘गोटो’ने, म्हणजे कोडमध्ये थेट दुसरीकडे उडी मारणाऱ्या आज्ञेने, लिहितात. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राने त्याविरुद्ध पत्र लिहिलं, तेव्हापासून कॉलेजात गोटो बदनाम. कर्नलच्या लेखननियमांत मात्र नेमक्या याच कामासाठी त्याला मान आहे.

२००७ मध्ये लिनक्समध्ये ‘डेव्हएम’ फंक्शनं आली. त्यांनी घेतलेलं सगळं प्रोब फसल्यावर कर्नल स्वतःच उलट्या क्रमाने सोडतो. पण ही आवराआवर प्रोब परतल्यानंतर होते. इंटरप्ट डेव्हएमकडे आणि मेमरी हाताने सोडलेली, अशी सरमिसळ केली की मेमरी आधी जाते, इंटरप्ट जागाच राहतो. म्हणजे पुन्हा तोच घोळ, फक्त आता कोड नीटनेटका दिसतो!

अपयश कधीतरीच येतं, हाही गैरसमजच. उणे ५१७ या एरर कोडचा अर्थ ‘मला लागणारी वस्तू अजून तयार नाही, नंतर बोलवा’. मोबाइलसारख्या यंत्रांत रेग्युलेटर (वीज पुरवणारा), क्लॉक (ठोके देणारं) यांची वाट पाहत एकच प्रोब अनेकदा फसून परततं. दर वेळी थोडी मेमरी सांडली तर हिशेब तुम्हीच करा.

दसऱ्याला सर्व्हरला हळदकुंकू खुशाल वाहा; माघारीची वाट तपासायला मात्र ती वाट चालावीच लागते. त्यासाठी कर्नलमध्ये ‘फेलस्लॅब’ आहे: तो मुद्दाम मेमरी नाकारतो. आणखी एक पर्याय चालू केला, तर सामायिक (अनेक यंत्रांनी मिळून वापरलेला) इंटरप्ट सोडताना कर्नल मुद्दाम एकदा हँडलर चालवून बघतो. मेमरी आधीच सोडून बसलेला ड्रायव्हर तिथे सापडू शकतो.