शंख गेला, रंग आला : तिकिटांवरच्या समुद्री गोगलगायी

विदर्भात गोगलगाय म्हटले की पावसाळ्यात सोयाबीनचे कोवळे रोप कुरतडणारी शंखी गोगलगाय आठवते. तिच्याच गोतातले काही समुद्री जीव इतके देखणे, की अनेक देशांनी त्यांना टपाल तिकिटांवर जागा दिली आहे. नागपूरपासून मुंबईचा समुद्र आठशेएक किलोमीटर दूर. यवतमाळ-वाशीमच्या खेड्यातल्या मुलाला हे जीव भेटायचे, तर तिकिटाइतका स्वस्त आणि सुंदर मार्ग मला दुसरा दिसत नाही.

या जिवांतला सर्वांत रंगीत गट न्यूडिब्रँकचा. त्याच्या 3,000 हून अधिक जाती ज्ञात आहेत. अळी असताना यांना शंख असतो, वाढताना तो गळून पडतो. मग बचाव कशाने? रंगाने आणि विषाने. तिकीट भिंगाखाली धरा. डोक्यावरची दोन शिंगे म्हणजे वास घेणारे अवयव, आणि पाठीच्या मागच्या टोकाला फुलासारखा झुपका दिसला तर ते कल्ले. डोळे मात्र जेमतेम उजेड-अंधार ओळखतात. एवढा रंग अंगावर वागवणाऱ्या जिवाला तो स्वतःला दिसतही नाही! तो असतो माशांसाठी : मला खाऊ नका, पस्तावाल.

हे विष त्यांना बरेचदा आहारातून मिळते. म्हणून अशा तिकिटांचा संग्रह देशांप्रमाणे न लावता जिवांच्या आहाराप्रमाणे लावावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. क्रोमोडोरिस नावाचे न्यूडिब्रँक स्पंज हे समुद्रतळाला चिकटून राहणारे साधे प्राणी खातात आणि त्यातले विष आपल्या कातडीत साठवतात. ग्लॉकस अटलांटिकस तर त्याहून धीट. जेमतेम तीन सेंटिमीटरचा हा निळा जीव गिळलेल्या हवेच्या बुडबुड्यावर उलटा तरंगतो, त्यामुळे तिकिटावर दिसणारी निळाई त्याच्या पोटाची असते. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर येऊन लोकांना डंख मारणारा ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’ हा जेलीफिशसारखा जीव त्याचे खाद्य. त्याच्या डंखपेशी तो न फोडता गिळतो, बोटांसारख्या उपांगांच्या टोकांशी नेऊन ठेवतो आणि स्वतःच्या बचावासाठी वापरतो. एलिसिया क्लोरोटिका न्यूडिब्रँक नव्हे, पण समुद्री गोगलगायच. ती शेवाळातली हरितलवके, म्हणजे उजेडातून अन्न बनवणारे हिरवे कण, काढून घेते. ती तिच्या शरीरात काही महिने कार्यरत राहतात आणि ती पानासारखी हिरवी दिसते.

या जिवांचे नमुने अल्कोहोलमध्ये ठेवले की रंग उडतो. जीवाश्मही जवळजवळ मिळत नाहीत, कारण दगडात टिकतो तो शंख. नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांत गोड्या पाण्यातल्या फायसा गोगलगायी सापडतात, त्या शंखामुळेच. तेव्हा छायाचित्र किंवा उत्तम छापलेले तिकीट, हीच या रंगांची टिकाऊ नोंद.

कागदाला चिकटलेले जुने तिकीट साध्या पाण्यात भिजू द्यावे, ओढू नये. हात न लावता चिमट्याने उचलावे, आणि पावसाळ्यात अल्बम उभा व कोरड्या जागी ठेवावा. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची 2017 पासूनची ‘स्पर्श’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 6,000 रुपयांची. गावातल्या शिक्षकांनी तिची चौकशी जरूर करावी.

तिकिटावरचे शास्त्रीय नाव मात्र तपासून घ्यावे. 2012 मध्ये डीएनएच्या आधारे क्रोमोडोरिस ज्या कुळात येतात त्याची फेरमांडणी झाली आणि क्रोमोडोरिस कुनिएईचे नाव गोनिओब्रँकस कुनिएई झाले. जुन्या तिकिटावर जुने नाव असले तर अल्बममध्ये त्याखाली नवे नाव पेन्सिलीने लिहावे.