लोकसंगीत व विश्वसंगीत सादरीकरणाचे विद्यापीठीय शिक्षण : नाशिकच्या संदर्भात

लोकगीते, लोकवाद्ये किंवा दुसऱ्या संस्कृतीतले संगीत प्रत्यक्ष गाऊन-वाजवून शिकायचे आणि त्यावर विद्यापीठाची पदवी मिळवायची, असे या शिक्षणाचे स्वरूप आहे. लोकगीते गोळा करणे, त्यांचा अर्थ लावणे, त्यावर प्रबंध लिहिणे ही कामे मराठी, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र या विभागांत पूर्वीपासून चालत आली आहेत. सादरीकरणाच्या अभ्यासक्रमात मात्र कस लागतो तो गळ्याचा आणि हाताचा. नाशिक जिल्ह्यात शिकण्यासारखे संगीत उदंड आहे. पण ते ज्या दिवसांत वाजते, त्या दिवसांत महाविद्यालयातला विद्यार्थी बहुधा परीक्षेच्या बाकावर असतो. या विषयाच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

जिल्ह्यातील गाणे-वाजवणे

पश्चिमेकडचे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि उत्तरेकडचे कळवण, बागलाण हे तालुके कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल या समाजांचे. तिथे पावरी वाजते. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि सांधे बुजवायला मेण एवढ्या ऐवजातून हे वाद्य उभे राहते. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर मध्ये तुटत नाही. हा दम साधायलाच फार वेळ जातो. बोटे त्यामानाने लवकर बसतात. पावरीचे सूर पेटीच्या पट्ट्यांशी तंतोतंत जुळत नाहीत. पेटीवर सूर पक्का करून आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला वाद्यच बेसूर वाटते.

थाळगान त्याहून वेगळे. कांस्याच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी बसवतात आणि तिच्यावरून बोटे ओढत एक अखंड, घुमणारा नाद काढतात. त्या नादाच्या आधाराने कथेकरी रात्रभर कथा सांगतो. इथे ताना नाहीत, आलाप नाहीत. कथा डोक्यात असणे आणि ती पहाटेपर्यंत ओढण्याची ताकद असणे हीच विद्या. चाळीस मिनिटांच्या तासिकेत ती कशी बसवायची, याचे सरळ उत्तर नाही.

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचे व्रत बसते आणि पावरीच्या सुरावर माऊल्यांचे, म्हणजे व्रत धरणाऱ्यांचे, नाच चालतात. पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात उन्हाळ्यात बोहाड्याची सोंगे निघतात, मुखवटे घातलेली, संबळाच्या ठेक्यावर डुलणारी. वणीच्या सप्तशृंगी गडामुळे देवीचा गोंधळ आणि त्याबरोबर संबळ-तुणतुणे जिल्ह्यात सर्वत्र ओळखीचे आहे. त्र्यंबकेश्वरला पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. दिंड्या येतात, टाळ-पखवाजाच्या भजनाने गाव भरून जाते. आणि शहराच्या नावाने राज्यभर ओळखला जाणारा नाशिक ढोल तर आहेच. तो लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत, ताशाच्या इशाऱ्यावर, चालता चालता शिकला जातो.

सिन्नर तालुक्याचा वाटा वेगळा लिहावा लागेल. पेशवाईच्या उत्तरकाळातला शाहीर परशराम याच तालुक्यातल्या बावीचा. वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ साली याच तालुक्यातल्या देशवंडीत झाला. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नाही, अक्षरओळख मुंबईत, मोठेपणी झाली. आंबेडकरी चळवळीची गाणी घेऊन ते गावोगाव फिरले आणि २००४ साली नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या गीतांवर विद्यापीठांत संशोधन होते. त्यांच्यासारखा माणूस प्रवेश अर्जावरच्या ‘किमान शैक्षणिक पात्रता’ या रकान्यापाशीच अडला असता, हेही ध्यानात ठेवावे.

पंचांग आणि सत्र

विद्यापीठाचे वर्ष दोन सत्रांचे. पहिल्या सत्राच्या परीक्षा सर्वसाधारणपणे दिवाळीच्या मागेपुढे, नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतात; डोंगऱ्यादेवाचा मार्गशीर्षही तेव्हाच येतो. बोहाडा चैत्र-वैशाखात, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत किंवा सुट्टीत. नवरात्रातली गडावरची गर्दी अंतर्गत चाचण्यांच्या आसपास. निवृत्तिनाथांची यात्राच तेवढी जानेवारीच्या सुमारास, तासिका सुरळीत चालू असताना पडते.

विद्यार्थी तिथे पोहोचला नाही तर वाद्य वर्गात आणता येते, वादकालाही बोलावता येते. तो येतो, अर्धा तास वाजवतो, टाळ्या होतात. पण पावरीवादक व्रताच्या दिवसांत रात्रभर कुणासाठी वाजवतो, नाचणारे थकले की चाल कशी बदलतो, अंगात वारे आले की काय करतो, यातले वर्गात काहीच घडत नाही. लोकसंगीतात सुरापेक्षा प्रसंग मोठा असतो. गोंधळ घालणारा गणापासून आरतीपर्यंतचा क्रम मनात धरून गातो. त्यातले एक पद सुटे काढून रंगमंचावर म्हटले की ते चांगले गाणे होते, पण गोंधळ होत नाही. म्हणून ज्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीला प्रात्यक्षिकाइतकेच श्रेयांक आहेत आणि तिच्या तारखा पंचांग पाहून ठरतात, तोच खरा उपयोगाचा. वर्षातून एकदा बस करून ‘आदिवासी पाड्याला भेट’ देण्याने छायाचित्रे मिळतात.

नाशिकहून शिकण्याच्या वाटा

नाशिकचा संगीतशिक्षणाशी संबंध जुना आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. आयुष्याच्या उत्तरकाळात ते नाशिकच्या पंचवटीत रामनाम आधार आश्रमात राहत. १९३१ साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या मंडळाच्या परीक्षांची तयारी आजही नाशिकच्या गल्लीबोळांतले वर्ग करून घेतात. घरच्यांना ‘संगीत शिकते’ म्हटले की याच परीक्षा आठवतात. त्यांचा पाया रागसंगीताचा असल्यामुळे मुलांच्या कानाला शिस्त लागते. पण लोकसंगीत त्या शिस्तीच्या कडेला, ‘धून’ किंवा ‘सुगम’ या नावाने उरते.

जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्या विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवते. तिथला भर शास्त्रीय संगीत-नृत्यावर आणि रंगभूमीवर आहे. लोककलांसाठी मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जवळची जागा म्हणजे मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी. पोवाडा, लावणी, गोंधळ, भारूड, जागरण हे प्रकार तिथे अभ्यासक्रम म्हणून शिकवले जातात आणि प्रत्यक्ष फडावर उभे राहिलेले कलावंत अध्यापन करतात. राज्याबाहेर छत्तीसगडमधल्या खैरागढच्या इंदिरा कला संगीत विद्यापीठात (स्थापना १९५६) लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे, तर कर्नाटकाने हावेरी जिल्ह्यात लोकविद्येसाठी अख्खे विद्यापीठ उभारले आहे.

विद्यापीठ नसलेली एक शाळाही इथे विसरता येत नाही. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केली. तिथला चार वर्षांचा अभ्यासक्रम गाथा, ज्ञानेश्वरी, कीर्तन आणि गायन-मृदंग यांचा आहे, आणि शिकलेले लगेच सप्ताहात, लोकांसमोर पारखले जाते. सादरीकरण आणि पाठांतर यांचा असा मेळ विद्यापीठांना अजून नीट साधलेला नाही.

परदेशातले विभाग

इंडोनेशियाचे गमेलान, म्हणजे धातूच्या घंटा-पट्ट्यांचा वाद्यवृंद, अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी स्वतः वाजवून शिकावे, हा आग्रह लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संगीत-अभ्यासक मँटल हूड यांनी धरला. दोन संगीतपरंपरा मातृभाषेसारख्या अंगी बाणवण्याची कल्पना त्यांनी १९६० साली मांडली. उदाहरण होते जपानच्या राजदरबारातल्या वादकांचे, जे दरबारी गागाकू आणि पाश्चात्त्य संगीत दोन्ही वाजवत. सुरगाण्यातला एखादा मुलगा घरी पावरी आणि तालुक्याच्या वर्गात तबला शिकत असेल, तर हूड यांनी जे मांडले ते तो कुणी न सांगताच करतो आहे.

हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत १९८३ साली लोकसंगीताचा विभाग सुरू झाला. पहिले प्रमुख हेइक्की लाइतिनेन यांनी जुने ध्वनिमुद्रण हुबेहूब उतरवण्यावर न थांबता विद्यार्थ्याने त्यातून स्वतःचे संगीत रचावे, असे ठरवले. कांतेले हे तंतुवाद्य तिथे संग्रहालयातून पुन्हा तरुण हातांत गेले. पुढे स्कॉटलंडमध्ये १९९६ साली आणि इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात २००१ साली असे पदवी अभ्यासक्रम निघाले. आयर्लंडमध्ये लिमरिक, हंगेरीत बुडापेस्टची लिस्ट अकादमी त्याच वाटेने गेल्या. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात पं. हरिप्रसाद चौरसिया यांनी दीर्घकाळ बासरी शिकवली. तिथे युरोपातली मुले भूप आणि यमन घोकत असत, आणि ते ‘विश्वसंगीत’ ठरत असे. आपल्या घरचे संगीत दुसऱ्या खंडात गेले की विश्वसंगीत होते. पेठच्या पाड्यावरची पावरीही तिथे त्याच खणात बसेल.

या विभागांत प्रवेश मुख्यतः गाऊन-वाजवून मिळतो आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतः बांधलेली पूर्ण लांबीची मैफल सादर करावी लागते. त्यासाठी इथल्या महाविद्यालयांना इमारत बांधायची गरज नाही.

परीक्षा

पोवाड्यात शाहीर पुढे असतो आणि मागे झीलकरी. ‘जी जी रं जी’ ही झील उंच पट्टीत, योग्य क्षणी उचलून धरणे हे त्यांचे काम. शाहिराचा दम संपतो तिथे झीलकऱ्याचा सुरू होतो. नवशिका वर्षानुवर्षे झील देतो, तुणतुणे धरतो, आणि मग कधीतरी त्याच्या हाती डफ येतो. विद्यापीठाची गुणपत्रिका मात्र एकेका विद्यार्थ्याची असते, त्यामुळे प्रत्येकाला पहिल्याच वर्षी शाहीर व्हायचे असते. झील चांगली दिली म्हणून शंभरापैकी किती गुण, हे ठरवणारा परीक्षक विरळा. आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवांतल्या लोकवाद्यवृंदाने आणखी एक सवय लावली आहे: ढोल, संबळ, हलगी, तुतारी, पावरी सगळे एकदम, ठरलेल्या मिनिटांत, शेवटी दुप्पट लयीत. बक्षिसे मिळतात. पण एकट्या संबळाने तासभर गोंधळ कसा तोलायचा, हे त्या संचातल्या वादकाला येतेच असे नाही.

मूल्यमापनाला पाया हवा असेल तर तो संगीतशास्त्रज्ञ डॉ. अशोक दा. रानडे यांच्या मांडणीत सापडतो. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटींत त्यांनी भारतीय संगीत पाहिले आणि प्रत्येक कोटीचे निकष तिच्या कार्यातून काढावेत असे सुचवले. म्हणजे थाळगान ख्यालाच्या फूटपट्टीने मोजायचे नाही.

कोण शिकवणार, हाही परीक्षेइतकाच अवघड प्रश्न आहे. गोंधळी, वाघ्या-मुरळी, वासुदेव यांची कला घराण्यातून आणि जातीतून आलेली. तिच्याबरोबर मान थोडा आणि हेटाळणी पुष्कळ आली. आता शुल्क भरून ती कुणालाही शिकता येते, हे चांगलेच. पण पदवी शहरातल्या मुलीला आणि गोंधळ्याच्या मुलाला तासाचे मानधन, अशी वाटणी होत राहिली तर विद्यापीठाने नवी उतरंड उभी केली असे होईल. पदवी नसलेल्या जाणकारांना नेमण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली आहे, आणि स्थानिक कलावंतांना निवासी कलावंत म्हणून घेण्याचीही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती कितपत वापरायची हे महाविद्यालयांच्या हाती आहे. ध्वनिमुद्रणाची परवानगी, त्याचे पैसे आणि व्रतातली कोणती गाणी बाहेर गायची नाहीत याचा निर्णय, या तीन गोष्टी पहिल्या भेटीतच कलावंताशी बोलून घ्याव्यात.

शिष्यवृत्ती व रोजगार

केंद्र सरकारची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटाला दोन वर्षे, दरमहा ५,००० रुपये अशी मिळते आणि तीत लोक व पारंपरिक कलांचा समावेश आहे. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कक्षेत महाराष्ट्र येतो; त्याच्या गुरु-शिष्य योजनेत गुरूलाही मानधन असते. शिकून झाल्यावर आकाशवाणीची श्रेणी, शाळा-महाविद्यालयांतली शिक्षकी, चित्रपट-मालिकांतले वादन, ढोल पथकांचे प्रशिक्षण आणि ध्वनिमुद्रण-संग्रहाचे काम या वाटा आहेत. यांतली शेवटची सर्वांत कमी पैशांची, पण थाळगानाचे कथेकरी वयाने थकत चालल्यामुळे सर्वांत निकडीची.