मराठी रेडिओवर राज्याच्या राजकारणाच्या गप्पा का ऐकू येत नाहीत: थोडी पार्श्वभूमी

बाहेरच्या देशांत एकेका राज्यापुरते रेडिओ शो असतात, रोज तासदोनतास तिथलं राजकारण, इतिहास, खाणंपिणं, सण यावर गप्पा चालतात, लोक फोन करून थेट आमदाराला जाब विचारतात. मग मराठीत असं काही का नाही, हा प्रश्न पॉडकास्ट करणाऱ्या पोरांकडून हल्ली बऱ्याचदा ऐकायला मिळतो. त्यावर ठरलेलं उत्तर असतं की आपल्या लोकांना रेडिओवर गाणीच लागतात. मला हे बिलकुल पटत नाही. आपल्याकडे माणसांनी रेडिओवरचं बोलणं जेवढं कान देऊन ऐकलंय तेवढं क्वचितच कुठे ऐकलं असेल, फक्त त्या बोलण्यातून राज्याचं राजकारण बाजूला ठेवलं गेलं, आणि ते नियम करून, लायसन्सच्या अटी घालून ठेवलं गेलं.

सुरुवात मुंबईतच झाली. २३ जुलै १९२७ ला लॉर्ड आयर्विनच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि रेडिओ सरकारच्या ताब्यात गेला. तिथून पुढे रेडिओ म्हणजे सरकारी खातं हे समीकरण पक्कं झालं. राजकारण बोलायचं तर चोरूनच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर, पोलीस मागावर म्हणून सारख्या जागा बदलत, शेवटी १२ नोव्हेंबरला गिरगावात पकडले गेले. जेमतेम तीन महिने. तिकडे गोव्यासाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, सीमेवरच्या जंगलातून पोर्तुगीज आणि कोकणीत भूमिगत रेडिओ चालवला, गोवा मुक्त झाल्यावरच थांबले. म्हणजे आपल्या भागात रेडिओवर राजकारण झालंच नाही असं नाही, झालं, पण ते करणाऱ्यांना एकतर तुरुंगात जावं लागलं नाहीतर जंगलात राहावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर नागपूर केंद्र १९४८ ला आलं, पुणे २ ऑक्टोबर १९५३ ला. आणि आता १९५६ साल, या विषयात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

१६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहणार. आपल्या राज्याच्या राजकारणातली त्या काळातली सगळ्यात मोठी बातमी लोकांनी कानाने ऐकली, रेडिओवर ऐकली. पुढचे काही दिवस मुंबईत काय झालं ते ठाऊकच आहे, गोळीबार, कर्फ्यू, गेलेली माणसं, आणि त्याच वर्षी सी. डी. देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. पण रेडिओवर ऐकलेल्या त्या घोषणेला उत्तर द्यायला रेडिओवर जागा नव्हती. उत्तर दिलं गेलं शिवाजी पार्कवर, अमर शेख आणि अण्णा भाऊंच्या डफावर, आणि नोव्हेंबरपासून अत्र्यांच्या 'मराठा'त. डफ, मैदान आणि छापील कागद. माईक मात्र एकाच बाजूला.

आणि गंमत नाही, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे नेमक्या त्याच वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून या देशातला लोकांना बोलतं करणारा पहिला मोठा रेडिओ प्रयोग चालू होता. युनेस्कोच्या मदतीने, कॅनडातल्या शेतकरी मंडळांच्या धर्तीवर. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली, प्रत्येक गावात पंधरावीस जणांचं श्रोता मंडळ, एक अध्यक्ष, एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि कंदिलाच्या उजेडात चर्चा करायची, चिटणिसाने मुद्दे लिहून घ्यायचे, प्रश्न पोस्टाने पुण्याला पाठवायचे, आणि निवडक प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात रेडिओवर द्यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने सगळ्याची नीट तपासणी केली, मंडळं असलेली गावं आणि नसलेली गावं यांची तुलना केली. निष्कर्ष असा आला की मंडळाच्या गावातल्या लोकांच्या माहितीत स्पष्ट फरक पडला, आणि जे सभेत कधी तोंड उघडत नव्हते ते बोलायला लागले. तीन वर्षांनी हीच पद्धत देशभर नेली.

विषय कोणते होते? उंदीर, खत, गोठ्याची स्वच्छता, गावची शाळा, पाणी. सगळे गरजेचे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण महाराष्ट्र पेटलेला असताना त्या दीडशे गावांतल्या कंदिलाभोवती रेडिओ बंद झाल्यावर मुंबईचा विषय निघालाच नसेल असं मला वाटत नाही. चिटणिसाच्या वहीत तो लिहायला जागा नव्हती एवढंच.

पुढची पंचवीसतीस वर्षं मराठी रेडिओवरचं बोलणं बहरात होतं. ग्रामीण कार्यक्रमाचं काम बघायला पुणे केंद्रात व्यंकटेश माडगूळकर होते, म्हणजे बघा दर्जा काय असेल. मुंबईवर 'पुन्हा प्रपंच' असायचा, प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावोजी. तिघं घरात बसून बोलतायत, दुधाचा भाव, रेशन, पाहुणे, महागाई, सरकारी खात्यातली हेलपाटी. पक्षाचं नाव नाही, मंत्र्याचं नाव नाही, पण ऐकणाऱ्याला कळायचं की कशाबद्दल चाललंय. मला वाटतं मराठीत राज्याच्या कारभारावर जर कुठे रेडिओवर नियमित गप्पा झाल्या असतील तर त्या या तीन माणसांच्या स्वयंपाकघरात झाल्या, आणि लोकांना तो कार्यक्रम इतका आपला वाटायचं कारण नुसता विनोद नव्हता, दुसरीकडे कुठेच हे बोलणं ऐकू येत नव्हतं हेही होतं.

आमच्या घरी रेडिओ कोनाड्यात असायचा, त्यावर आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि मागे रेडिओ लायसन्सचं पुस्तक, दर वर्षी पोस्टात जाऊन त्यात तिकीट लावून आणायचं. लायसन्स बंद झालं तरी आजोबांनी ते पुस्तक फेकलं नाही. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, 'सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहेत' हे ऐकू आलं की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. धरणात किती टीएमसी पाणी, विधानसभेत काय झालं, कांदा लासलगावला कितीने गेला. बातमी संपली की रेडिओचा आवाज बारीक व्हायचा आणि घरात खरी चर्चा सुरू व्हायची, आजोबा, शेजारचे नाना, दूध घालायला आलेला माणूस. म्हणजे टॉक शो होताच, फक्त रेडिओच्या अलीकडे, ओसरीवर.

रेडिओच्या पलीकडे तो का नव्हता याचं एक कारण आकाशवाणीची आचारसंहिता. १९६७ ला बऱ्याच राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली, वेगवेगळ्या पक्षांचे मुख्यमंत्री आले, त्यांच्या भाषणांवरून केंद्राशी वाद झाले, आणि मग आकाशवाणीवर काय चालणार नाही याची यादी पक्की झाली. पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको, केंद्र किंवा राज्य सरकारवर शत्रुत्वाची टीका नको. त्यात भाषण म्हणजे आधी लिहून दिलेलं, मंजूर झालेलं, तेच वाचायचं. आता राज्याच्या राजकारणावर बोलायचं आणि राज्य सरकारवर टीका करायची नाही, हे जमायचं कसं, त्यामुळे शहाण्या माणसांनी इतिहास, साहित्य, संतवाङ्मय हे विषय घेतले आणि त्यात उत्तम काम केलं. संस्कृती रेडिओवर इतकी भरभरून आली याचं हेही एक कारण आहे असं मला मनापासून वाटतं.

२६ जून १९७५ ला सकाळी इंदिरा गांधींनी आणीबाणीची घोषणा याच रेडिओवरून केली, आणि त्यानंतर खरी बातमी हवी म्हणून लोक बीबीसी लावायला लागले. (बीबीसीचं मराठी प्रसारण महायुद्धात, १९४२ ला, सुरू झालं होतं आणि १९५८ लाच बंद झालं होतं, त्यामुळे इंग्रजी नाहीतर हिंदीच.) १९७७ पासून निवडणुकीत पक्षांना आकाशवाणीवर वेळ मिळायला लागला, तो पण मोजून मिनिटं आणि आधी तपासलेलं भाषण. वर्गीज समितीने आकाशवाणी आणि दूरदर्शनला सरकारपासून स्वायत्तता सुचवली १९७८ ला, त्यासाठीचा प्रसार भारती कायदा झाला १९९० ला, अंमलात आला १९९७ ला. म्हणजे एकोणीस वर्षं.

मधे ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही असा निकाल दिला. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता, बंगालच्या क्रिकेट संघटनेचा, आणि मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, आपल्या मराठी माणसाने. त्या निकालाचा आधार घेऊनच पुढे खासगी एफएम आणि कम्युनिटी रेडिओची, म्हणजे त्या त्या भागातल्या लोकांनी आपल्यापुरता चालवायच्या छोट्या रेडिओची, मागणी उभी राहिली. २००२ ला मुंबईत खासगी एफएम स्टेशनं सुरू झाली, लिलावात प्रचंड पैसे मोजून. आणि लायसन्सच्या अटीत एक ओळ होती, बातम्या आणि चालू घडामोडी नकोत. टीव्हीवर चोवीस तास बातम्या चालतात, पेपर काहीही छापू शकतो, रेडिओला मात्र नाही. मग उरलं काय, गाणी, प्रँक कॉल आणि ट्रॅफिक. लोकांना गाणीच लागतात म्हणणाऱ्यांनी ही एक ओळ वाचावी.

२००६ ला स्वयंसेवी संस्थांनाही कम्युनिटी रेडिओ मिळायला लागला, तिथेही राजकीय स्वरूपाचा कार्यक्रम नको ही अट आहेच. तरी काय होऊ शकतं ते म्हसवडला दिसतं. माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून ९०.४ वर चालते, माणच्या बोलीत, तिथल्या बाया स्वतः माईकवर. दुष्काळी तालुक्यात पाणी, चारा, छावणी यावर बोलणं म्हणजे त्या तालुक्याचा सगळ्यात मोठा प्रश्नच बोलणं. पण पाणी का नाही, कुठल्या योजनेचं कुठे अडलं, कुणी अडवलं, इथपर्यंत आलं की अटीची भिंत लागते.

ती भिंत आमच्या चुलत्यांनी पण अनुभवली. २००२-०३ ला उसावर लोकरी मावा पडला होता तेव्हा एका केंद्राने तज्ज्ञांचा फोन-इन ठेवलेला. काका एसटीडी बूथवरून अर्धा तास फोन लावत होते, लागला. माव्याचं विचारलं, उत्तर मिळालं, मग म्हणाले साहेब, मागच्या वर्षीचं बिल कारखान्याने अजून दिलं नाही, त्याला औषध काय. निवेदिकाबाईंनी नम्रपणे सांगितलं की हा प्रश्न आजच्या विषयात बसत नाही, आणि पुढचा फोन घेतला. त्यांचाही इलाज नव्हता, हे आज कळतं. काका घरी आले आणि म्हणाले, रोगाचं विचारायचं, पैशाचं नाही.

२०११ च्या धोरणाने एफएमवाल्यांना आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची परवानगी मिळाली. २०१३ ला बंदीविरुद्ध सुप्रीम कोर्टात जनहित याचिका गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामक संस्थेने, शिफारस केली की तासाला दहा मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडी खासगी एफएमला करू द्या. दहा मिनिटं सुद्धा खूप आहेत, जिल्ह्याचं रेडिओ स्टेशन दहा मिनिटांत जिल्हा परिषदेचं बजेट समजावून सांगू शकतं.

त्याच वर्षी जूनमध्ये उलटंही होत होतं. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला. पुण्यात एवढी ओरड झाली, श्रोते, पत्रकार, सगळ्या पक्षांची माणसं, की काही दिवसांतच तो आदेश थांबवावा लागला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती बातमी मला फोन करून सांगितली. कोनाड्यातला रेडिओ कधीच बंद पडलाय, ते आता मोबाइलच्या ॲपवर लावतात, फोन स्टीलच्या पेल्यात उभा करून, आवाज मोठा यावा म्हणून.