मेरीच्या खोलीने नेमकं काय सिद्ध केलं?

काळ्या-पांढऱ्या खोलीत वाढलेली, रंगदृष्टीचं सगळं विज्ञान शिकलेली मेरी बाहेर येते, पहिल्यांदाच पिकलेला टोमॅटो पाहते आणि तिला काहीतरी नवं कळतं. ही गोष्ट सांगून ‘अनुभव मेंदूपलीकडचा असतो, हे प्रयोगाने सिद्ध झालंय’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं काही झालेलं नाही.

मुळात हा प्रयोगशाळेतला प्रयोगच नव्हे. तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सन यांनी १९८२ साली मांडलेला तो कल्पनेतला युक्तिवाद आहे. पुढे खुद्द जॅक्सन यांनीच, अनुभव मेंदूपलीकडचा असतो हा आपला निष्कर्ष सोडून दिला, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

खरा पेच वेगळाच आहे. मेरीला नवी वस्तुस्थिती कळते, की माहीत असलेलीच गोष्ट नव्या वाटेने कळते? तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांच्या मते तिला मिळतं ते कौशल्य: लाल ओळखणं, डोळे मिटून तो रंग मनात आणणं. पुस्तकं वाचून पोहता येत नाही, तसंच हे. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. टोमॅटोवर नजर पडते त्या पहिल्या क्षणी, कौशल्य अंगवळणी पडण्याआधीच, ते लालपण जाणवलेलं असतं. पण म्हणून ते मेंदूबाहेरचं ठरत नाही.