मिशनच्या शाळेतलं कोकण

धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे दापोलीच्या मिशन शाळेत शिकले आणि पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात. साने गुरुजी पालगडचे. तेही दापोलीच्या मिशन शाळेतलेच. मुरूडचे धोंडो केशव कर्वे मुंबईला गेले ते रॉबर्ट मनी या मिशनच्या शाळेत. तिघांपैकी ख्रिस्ती कोणीच झालं नाही. काण्यांनी तर स्मृती आणि निबंधग्रंथ पालथे घालण्यात हयात घालवली आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. मिशनच्या हिशेबवहीत अशी मुलं जमेला धरायची की खर्ची, हा प्रश्न पाद्र्यांना मायदेशातून देणगीदार वारंवार विचारत. कोकणातल्या ख्रिस्ती कामाची गोष्ट समजून घ्यायची तर याच प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी.

नव्या करारात या कामाला दोन आधार आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सांगतो, जा आणि शिकवा. आणि त्याआधीची सगळी पानं तो कोणाबरोबर जेवला, कोणाशी बोलला याने भरलेली आहेत: जकातदार, कुष्ठरोगी, यहुदी ज्यांना दूर ठेवत त्या शोमरोनी समाजातली विहिरीवरची बाई. शिकवणं आणि जवळ करणं. कोकण किनाऱ्यावर पहिलं काम भरपूर झालं. दुसरं कुठे झालं, कुठे अडलं, ते पाहण्यासारखं आहे.

थोडं दक्षिणेकडून सुरू करू. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघातला इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरला. गोव्यातल्या साष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती मंडळींचं पूर्वीचं सगळं सुटलं होतं. देवळं पाडली गेली होती, पुराणश्रवण बंद झालं होतं. स्टीफन्सने त्यांच्यासाठी मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. लोकांच्या कानाला सवयीचा असलेला ओवीछंद त्याने तसाच ठेवला. शिकवणारा माणूस ऐकणाऱ्याच्या अंगणात जाऊन बसल्याचं हे किनाऱ्यावरचं पहिलं ठळक उदाहरण. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलेलं होतं, आणि १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्याच वापरावर बंदीचा हुकूम काढला. स्टीफन्सचं कौतुक करताना हे बाजूला ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. एकाच चर्चच्या या दोन्ही गोष्टी आहेत.

उत्तरेकडे, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात, गोष्ट वेगळी सुरू झाली. स्कॉटिश मिशनचा डोनल्ड मिचेल १८२३ साली बाणकोटला आला. पेशवाई बुडून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. पाद्र्यांनी पुण्यात जाऊन लोकांना डिवचू नये असं मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सरकारला वाटत होतं. त्यामुळे सावित्रीच्या मुखावरचं, कधीपासूनच कंपनीच्या ताब्यात असलेलं बाणकोट त्यांच्या वाट्याला आलं. मिचेल त्याच वर्षी वारला. मागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै अशी दोन ठाणी केली आणि आसपासच्या गावांत मराठी शाळा काढल्या. रॉबर्ट नेस्बिट १८२७ मध्ये आला आणि त्याने मराठीवर उत्तम हुकूमत मिळवली. जॉन आणि मार्गारेट विल्सन यांनीही १८२९ साली मराठीचे धडे घेतले ते याच पट्ट्यात. मग ते मुंबईला गेले. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा उभ्या केल्या. आजचं विल्सन कॉलेज आपली मुळं जॉन विल्सन यांच्या १८३२ सालच्या कामाशी जोडतं.

या गावच्या शाळा कशा चालत? शिकवणारे बहुतेक गावातलेच हिंदू पंतोजी. वाचन, लेखन, हिशेब, आणि जोडीला ख्रिस्ती प्रश्नोत्तरी. मुलं ती पाठ करत, पाद्री अधूनमधून येऊन परीक्षा घेत. घरच्यांनाही हा व्यवहार कळत होता. पोराला अक्षर येतंय, मोडी सुधारतेय, तर चार प्रश्नोत्तरं पाठ झाल्याने काय बिघडतं! कोकणी माणसाचा हा रोकडा विचार पाद्र्यांना फार छळत असावा.

सगळ्यात अनपेक्षित फळ मात्र मिळालं ते बेने इस्रायल या कोकणातल्या यहुदी समाजात. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या भागात तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी ही मंडळी. म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. ती मराठी बोलत. आपल्या धर्मातले काही विधी त्यांनी जपले होते, पण हिब्रू जवळजवळ हरवलं होतं. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने आणि नंतर स्कॉटिश मिशनने त्यांच्यासाठी शाळा काढल्या आणि त्यांच्यातल्याच माणसांना शिक्षक नेमलं. विल्सनने १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. हेतू उघड होता: जुना करार मुळात वाचता आला की नव्या कराराकडे येतील. झालं उलटंच. जुना करार वाचता आल्यावर ते अधिक पक्के यहुदी झाले. १८४६ साली मुंबईत वल्हांडण या यहुदी सणाच्या जेवणाच्या वेळी वाचायची हगादा ही पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. त्यांच्या आडनावातलं किहीम अलिबागजवळचंच.

म्हणजे मिशन फसलं का? धर्मांतराच्या मापाने फसलं. पण एका विस्मरणात गेलेल्या समाजाच्या हातात त्याचाच ग्रंथ वाचायची किल्ली ठेवली, आणि त्यांनी आपलंच दार उघडलं तरी शाळा चालूच ठेवली. 'शिकवा' ही आज्ञा याहून प्रामाणिकपणे पाळली गेल्याचं उदाहरण मला या किनाऱ्यावर दुसरं सापडत नाही, मग पाळणाऱ्यांच्या मनात काहीही असो.

बाप्तिस्मा झाला की मात्र वादळ उठे. १८३९ साली विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला आणि शाळा ओस पडली. १८४३ साली नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहत होता. वडिलांनी कोर्टात जाऊन त्याला परत मिळवलं. आता याला जातीत घ्यायचं कसं? मिशनमध्ये जेवलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, आणि सनातन्यांनी त्यांनाच धारेवर धरलं. जवळ करण्याची परीक्षा एकट्या ख्रिस्ती लोकांची नव्हती, हे यातून दिसतं.

ही परीक्षा घरात कशी होते, ते नारायण वामन टिळकांच्या संसारात दिसतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेले टिळक. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते ओढले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षं त्यांच्यापासून वेगळी काढली. परत एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं कायम होतं. हातचं खायचं नाही, शिवायचं नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जात माणसाने केलेली आहे, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्याच विचाराने काढला. मग कोणाच्याही हातचं खाऊ लागल्या आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घ्या: आधी पंगत, मग पाणी. धर्मशिक्षणाची पुस्तकं लिहिणाऱ्या अनेकांना हा क्रम उलटा वाटेल.

टिळकांनी चर्चमध्ये अभंग आणि कीर्तन आणलं, घरात परकी पोरं सांभाळली, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मिशनला ते पचलं नाही. १९१९ साली टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

पुन्हा दापोलीला येऊ. इंग्रजांच्या काळात ही लष्करी छावणी. पलटणीतून निवृत्त झालेले महार पेन्शनर इथे बरेच राहत. त्यांच्यातले गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली निवृत्त होऊन इथे आले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळविध्वंसन' हे अस्पृश्यतेविरुद्धचं पुस्तक लिहिलं. पलटणीत शिकलेल्या या माणसांच्या पोरांना गावच्या शाळेत मात्र जागा नव्हती. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या शाळांनी अस्पृश्य मुलांना घेतलंच तर व्हरांड्यात बसवायचं, ही सर्रास चाल होती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला दारातूनच परत पाठवल्याचं प्रकरण गाजलं होतं. मिशनची तत्त्वं याविरुद्ध होती. पण तत्त्व धरलं की ब्राह्मणांची मुलं काढून घेतली जात आणि वर्ग रिकामे होत. काणे आणि साने शिकले ती शाळा ज्या गावात होती, त्याच गावात वलंगकर लिहीत होते, हे दोन धागे एकत्र वाचले जात नाहीत. वाचले पाहिजेत.

वसईत तर ख्रिस्ती मंडळींच्या आतच हा प्रश्न राहिला. १५३४ मध्ये पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि युरोपियन पाद्री गेल्यावर स्थानिक धर्मगुरूंनी गावं सांभाळली. धर्म टिकला, बोली आणि लग्नातली गाणीही टिकली. सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेदही टिकले, आणि सोयरीक बराच काळ आपापल्यातच होत राहिली. एका वेदीवर प्रसाद घ्यायचा आणि मुलगी मात्र आपल्यातच द्यायची.

याच वसईत १९५५ साली 'सुवार्ता' हे मराठी मासिक सुरू झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते दीर्घकाळ संपादित केलं आणि पुढे बायबलचं सुबोध मराठी भाषांतर केलं. वसईतल्या झाडं-पाण्याच्या लढ्यात ते हरित वसईच्या मंचावरून सर्व धर्मांच्या शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरले. ९३व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा पाद्री अध्यक्ष कसा चालेल म्हणून काहींनी विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला संमेलन झालं आणि आजारी असतानाही ते अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर आले. संमेलनाच्या इतिहासातले ते पहिले ख्रिस्ती अध्यक्ष.